बावीस मेंढ्यांची एकच उडी

"पहिले बारा भाग उडव म्हणलं ना, शाले. उद्या पुण्याचे स्टुडिओवाले आपलं चॅनल बघणार हायत. त्यातली पोरगी पाय न हलवता पळतीय. हसतील लोकं."

"तू उडवून तर बघ, दादा."

हे अजिनाथ अन् त्याची धाकटी बहीण शालू. अन् ज्या बारा भागांवरनं दोघं भांडायलेत ना मित्रांनो, ते माझ्या अंगावर झालेत. मी एक जुना लाइटबॉक्स हाय. खाली खोका, वर काच, आत बल्ब. काढलेलं चित्र काचेवर ठेवायचं, त्याच्यावर कोरा कागद. खालच्या रेघा वर दिसत्यात. मग तेच चित्र जरासं हलवून परत काढायचं. अशी लई चित्रं भराभर दाखवली की चित्रातलं माणूस पळायला लागतं. माझ्याशिवाय पळालं असतं का? नाय.

माझा जन्म शहागंज बाजारातला. एका बांगडीवाल्याचं शोकेस मोडलं, त्याची काच अजिनाथनं मागून आणली अन् सफरचंदाच्या पेटीवर बसवली. दोघं भाऊबहीण जपानी ॲनिमे, म्हंजी तिकडची कार्टुनं, बघून येडे झालते. आपली बी एक मालिका काढू म्हणले. नाव ठेवलं 'रंगी लांडगेमार'. रंगी मेंढरं राखती अन् काठी फिरवून भुताचे लांडगे पळवती.

खरं सांगतो, पहिला भाग भंगार व्हता. रंगीची वेणी एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. बोलताना तोंडाची दोनच चित्रं, उघडं अन् बंद. लांडगा शेळीवानी दिसायचा. पण शालूचा हात रोज सुधरत गेला, अन् ते माझ्याइतकं जवळून कुणीच बघितलं नाय. पाचव्या भागात रंगीचे दोन्ही डोळे एका रेषेत आले. नवव्यात पळताना ओढणी मागं उडायला लागली. बाराव्यात त्या लांडग्याचं मला सुदिक भ्या वाटलं.

मग टॅबलेट आला. काळा, गुळगुळीत, कॉम्प्युटरला जोडायचा, सोबत पेन. मला खाटंखाली सरकवलं अन् माझ्यावर चपला ठेवल्या. लई संताप आला. पण खाटंखालनं स्क्रीन सरळ दिसती, अन् मी खोटं बोलत नाय. टॅबलेटचं काम झ्याक व्हतं. तिसाव्या भागात सावल्या आल्या. पन्नासाव्यात धूर आला, केस भुरूभुरू उडायला लागले. शेवटच्या, शहाण्णवाव्यात तर अख्ख्या कळपावरनं नजर घारीवानी फिरती. चॅनलवर लोकं लिहित्यात, काय हात हाय. तो हात माझ्या काचेवर वळला, हे त्यांना कुठं ठाव?

तर भांडण. त्यांचे वडील सूर्यभान आबा सकाळीच गंगापूरहून आलते. तिकडं मेंढरं राखत्यात. माझ्यावरच्या खाटंवर बसून चहा पीत व्हते, कुणाचीच बाजू घेत नव्हते. नवं काम किती भारी हाय हे दाखवायला अजिनाथनं त्यांच्यापुढं शहाण्णवावा भाग लावला. पाण्याच्या पाटावरनं पन्नास मेंढ्या उड्या मारत्यात. हरेकीची जागा येगळी, हरेकीची उडी येगळी. महिनाभर खपला व्हता पोरगा त्याच्यावर.

आबांनी कप खाली ठेवला. "कोणाची मेंढरं ही?"

"रंगीची, आबा."

"मेंढरं नायत. टोळ हायत. अरे, पुढची जिथनं उडी मारती, मागच्या समद्या तिथनंच मारत्यात. तशीच, तेवढीच. आडवी धरलेली काठी मधीच काढून घेतली तरी मारत्यात."

अजिनाथ चिडला. जपान्यांच्या लढाईत हरेक शिपाई येगळा हालतो, त्यालाच भारी ॲनिमेशन म्हणत्यात, असं कायबाय सांगायला लागला.

"आसंल," आबा म्हणले. "शिपाई मी कधी राखले नाय."

शालू पुढं सरकली. तिनं चौथा भाग लावला. बाभळीची फांदी आडवी पडलीय अन् बावीस मेंढ्या एकीमागं एक तिच्यावरनं जात्यात. पाय काडीवानी, लोकर फुलकोबीवानी. पण उडी एकच. ती कशी झाली ते मला पाठ हाय. शालूनं एका उडीची सहा चित्रं काढली, तीच माझ्या काचेवर ठेवून बावीस मेंढ्यांसाठी बावीसदा गिरवली. अजिनाथ तवा तिला कामचोर म्हणलता. कामचोर नव्हती ती. कळपामागं चाललेली पोरगी हाय, तिला ठाव व्हतं.

आबा वाकले. स्क्रीनवर बोट ठेवलं. "ह्या आपल्या. ही पुढची तुटक्या कानाची, व्हय का गं?"

शालूनं मान हलवली.

अजिनाथचा हात माउसवर तसाच व्हता. बारा भाग निवडून ठेवलेले, एक बटण दाबायचं बाकी.  मग त्यानं बारा भागांवरची खूण काढली अन् शहाण्णवाव्यावर केली.

"हा खाली घेतो. परत काढू."

"अन् उद्या?"

"उद्या पंच्याण्णव बघतील. पहिल्यापासनं."

माझ्या आत बल्ब नव्हता लागलेला, तरी काच गरम झाली.

मित्रांनो, तुमची पहिली वाकडीतिकडी चित्रं फाडू नका. नंतरची चकाचक व्हतील, व्हऊ द्या. पण जे तुम्ही डोळ्यानं बघून काढलं, ते चकाचक कामात कधीकधी हरवतं. अन् ज्या जुन्या वस्तूवर तुमचा हात बसला, तिच्यावरनं चार दिसाला फडकं तरी मारा. ती मागायची नाय, रुसून बसंल.

अजून लई सांगायचं व्हतं. पण अजिनाथनं मला खाटंखालनं ओढून बगलेत मारलंय, शालूनं कागदाचा गठ्ठा घेतलाय. आबांसंगं गंगापूरला चाललोत, खरी मेंढरं बघून कागदावर काढायला. जीप भरत आलीय. मला निघायचंय आता.