घरचा आवाज

आक्कांनी निळा झगा कोटासारखा पुढून चढवला, तरी अतिदक्षता विभागाच्या दारातली सिस्टर हसली नाही. तिने तो उतरवला, उलटा करून घातला आणि मागे जाऊन बंद बांधले.

"सैल ठेव गं. मला काही पळून जायचं नाही."

"पळालात तर मागे मलाच धावावं लागेल, आजी. माझे गुडघे दुखतात."

आजी म्हटलेलं आक्कांना खपत नसे. पण बाहेरच्या बाकावर बसल्यापासून हिनेच काय ते माणसासारखं उत्तर दिलं होतं. बाकीचे 'डॉक्टरांना विचारा' म्हणत सटकायचे. म्हणून आक्कांनी ते 'आजी' गिळलं.

आत नवरा पडला होता. ताप छातीत उतरला आणि श्वास यंत्राच्या हाती गेला. झोपेचं औषध सकाळी थांबवलं होतं. आता घरच्यांच्या हाकेला ओळख देतात का, याकडे डॉक्टर डोळे लावून बसले होते. मुलाने दारापर्यंत येऊन बजावलं होतं, "आई, डॉक्टर म्हणालेत प्रेमाने बोला. आत गोड बोल हं. जन्मात एकदा."

आक्कांनी घसा खाकरला.

"अहो, ऐकलंत का? फार गुणाचे हो तुम्ही. तुमच्यासारखा माणूस शोधून सापडायचा नाही."

उशाशी असलेलं यंत्र टिंटिं वाजू लागलं. पडद्यावरचे आकडे भराभर चढले. नवऱ्याच्या कपाळावर घाम फुटला, मान इकडून तिकडे झाली. डोळे मात्र मिटलेलेच. आक्का मागे सरल्या. ओळख राहिली दूरच, आपल्या आवाजाने माणूस आणखी बिघडला. तोंडावर सदा असणारा तोरा कुठल्या कुठे गेला.

सिस्टरने आधी यंत्र पाहिलं. "मीच आहे, बाबा. नळी सरळ करतेय," असं त्यांना सांगत नळी नीट केली, कपाळ टिपलं. मग हलकेच विचारलं,

"घरी असंच बोलता का त्यांच्याशी?"

"घरी? मला काय खूळ लागलंय?"

"तरीच. त्यांना वाटलं असेल, आता आपलं काही खरं नाही."

दुसऱ्या कोणी असं म्हटलं असतं तर आक्कांनी तिथल्या तिथे सालटं काढली असती.

"प्रेमाने बोला म्हणतात ना तुमचे डॉक्टर?"

"मग बोला की. तुमच्याकडे बोलतात तसं."

तिने कोपऱ्यातलं स्टूल पलंगाला चिकटवून ठेवलं. आक्का बसल्या. झग्याच्या बाह्या वर सारल्या.

"स्वयंपाकघरातला नळ सुटा करून वाडग्यात ठेवलात आणि इथे येऊन खुशाल आडवे झालात! सून बादल्या उचलतेय तिकडे. 'मी करतो, मी करतो' म्हणत कोणाला हात लावू दिला नाहीत. आता उद्या प्लंबरलाच बोलावते. बघतेच कोण अडवतं मला!"

यंत्र केव्हाच गप्प झालं होतं. आणि नवऱ्याची डावी भुवई सावकाश वर चढली. घरी वाद घालायच्या आधी चढते, अगदी तश्शीच.

"बघितलंस?" आक्का कुजबुजल्या.

"बघितलं! काय म्हणतायत?"

"प्लंबर नको म्हणतात."

सिस्टर डॉक्टरांना बोलवायला वळली. भेटायची वेळ संपली म्हणून रखवालदार दारात उभा होता. "त्यांचं भांडण अर्ध्यात आहे," असं सांगून तिने त्याला परत पाठवलं.

आक्कांना अजून पुष्कळ सुनावायचं होतं, पण आधी त्यांनी नवऱ्याचं पांघरूण सारखं केलं. भुवई खाली आली नाही, पुढचं ऐकायला थांबल्यासारखी वरच राहिली. मग पापण्या किलकिल्या झाल्या आणि नजर छताकडून खिडकीकडे, खिडकीकडून दाराकडे कोणाला तरी शोधत फिरू लागली.

"इकडे आहे मी," आक्का म्हणाल्या. "तिकडे कुठे बघताय?"