सायीचं दही कोणाच्या वाटीत

मित्रांनो, मी दही लावायची एक जुनी सट आहे. चिनी मातीची, खाली पांढरी, वर तपकिरी, काठाला टवका उडालेली. टवक्याकडे बघून नाक मुरडू नका. एवढी वर्षं स्वयंपाकघरात काढून ज्याचा कुठेच टवका उडाला नाही, त्याने फारसं काम केलं नाही असं खुशाल समजा.

ओल्या मातीचा गोळा होते तेव्हा मला चाकावर असं काही गरगरवलं, की ती भिरभिर अजून माझ्या अंगातून गेलेली नाही. मग भट्टी. माझ्या दोन्ही बाजूच्या सटी भट्टीत तडकल्या. मी तडकले नाही. तेव्हापासून माझी मान ताठ आहे आणि ती ताठच राहणार. पण नशीब बघा, काम मिळालं ते गप्प बसण्याचं! कोमट दूध ओतलं, चमचाभर विरजण घातलं, झाकण ठेवलं, की हलायचं नाही. दही पडायचं तर भांड्याने स्वस्थ बसलं पाहिजे. वरून स्वस्थ आणि आतून जिवाची घालमेल, असा माझा जन्म.

मला या घरात आणली ती सासूबाईंनी. तेव्हा त्या सासू नव्हत्या, नवी नवरी होत्या. चौथ्या मजल्यावरचं घर, चिंचोळं स्वयंपाकघर, खिडकीबाहेर शेजाऱ्यांचे वाळत घातलेले कपडे. माझं दही बघून आल्यागेल्याने म्हणावं, "दही पडावं तर हिच्यात! सट उलटी केली तरी थेंब सांडायचा नाही." ऐकून मी मनातल्या मनात फुगायचे. का फुगू नये? कौतुक काही उसनं आणलेलं नव्हतं.

त्या घरात वाढण्याचा एक क्रम होता. कोणी लिहून ठेवलेला नव्हता, पण मोडायची कोणाची छाती नव्हती. वरचं सायीचं दही घरच्या पुरुषांना. मधलं पोरांना, पाहुण्यांना. तळाशी जे आंबट पाणी उरेल त्यात अर्धा पेला पाणी घालायचं, मला गोल फिरवून विसळायचं आणि ते बाईने उभ्या उभ्या प्यायचं. सासूबाई जन्मभर तेच प्यायल्या. पुढे सून आली, डाव तिच्या हातात गेला आणि विसळलेलं पाणीही तिच्याच वाट्याला आलं.

ही सून इस्पितळात काम करायची. रुग्णांना उठवायचं, बसवायचं, पलंगावरून खुर्चीत घ्यायचं. तिचा नवरा बोटीवर, कधीमधी उगवणारा. घरात सासूबाई आणि धाकटा दीर. त्याला सगळे पैलवान म्हणत. कुस्ती त्याने कधी खेळली नव्हती. व्यायामशाळेत जायचा तो तिथला आरसा मोठा होता म्हणून. वजन एकदा उचलायचं आणि दहादा स्वतःकडे बघायचं. हा माझं दही फडक्यात बांधून टांगायचा, खाली गळलेलं पाणी मोरीत ओतायचा, आणि मग बाजारातून दुधाच्या पाण्याचीच भुकटी डबा भरून आणायचा! माझ्या झाकणाला हात असते तर तेव्हाच कपाळावर मारून घेतले असते.

एकदा सुनेला ताप आला. असा आला की महिनाभर तिला अंथरुणाला खिळवलं. घरात दही लागेना. सासूबाईंनी माझ्यात कपडे वाळत घालायचे चिमटे भरून ठेवले. चिमटे! माझ्यात! दिवसभर ते काढताना-घालताना खडखडायचे आणि माझा अपमान सगळ्या घराला ऐकू जायचा. पण खरं सांगते, अपमानापेक्षा काळजी जास्त होती. आतल्या खोलीतून सुनेचं कण्हणं ऐकू यायचं, आणि मला जागचं हलता यायचं नाही.

सून बरी झाली, पण अंगावर मांस उरलं नव्हतं. दंड असे, की कुर्त्याच्या बाह्यांत वारा फिरावा. कामावर गेली त्याच दिवशी एक आजोबा तिच्या हातून निसटता निसटता राहिले. ती घरी आली ती भिंतीला टेकूनच उभी राहिली.

"मोठी सिस्टर काय म्हणाली?" सासूबाईंनी विचारलं.

"म्हणाली, महिनाअखेरीस वाळूचं माणसाच्या वजनाचं पोतं पलंगावरून खुर्चीत बसवून दाखव. नाही जमलं तर वॉर्ड सोड आणि चादरींच्या घड्या घालायच्या खात्यात जा."

"मग काय बिघडलं? बसून काम."

"आई, चादरी काही 'आज बरं वाटतंय गं पोरी' असं म्हणत नाहीत." एवढं बोलून ती वळली आणि उगाचच स्वच्छ ओटा पुसायला लागली. त्या दिवशी मला कळलं, हिचा जीव त्या वॉर्डात आहे. तो काढून घेतला तर ही सुकेल.

इस्पितळात व्यायाम शिकवणारी एक बाई होती. तिने सुनेला बजावलं होतं, "पाण्याचे कॅन उचल, खुर्चीतून हात न टेकता ऊठबस कर. पण नुसतं उचलून स्नायू भरत नाही, त्याला खायलाही घालावं लागतं. दूध, दही, पनीर, अंडी, काय परवडेल ते रोज पोटात गेलं पाहिजे. आणि झोप." सून घरी आली, तिने माझ्यातले चिमटे ओतून काढले, मला गरम पाण्याने खसखसून धुतलं आणि संध्याकाळी दही लावलं. मित्रांनो, त्या संध्याकाळी मी असं दही पाडलं म्हणता!

आणि सकाळी ते गेलं कोणाच्या वाटीत? पैलवानाच्या. तो आपला वाटी घेऊन आधीच हजर. "वहिनी, जरा साय बघून घाला. आज खांद्यांचा दिवस आहे." हिने सवयीने डाव बुडवला, सवयीने त्याची वाटी भरली, दुसरी सासूबाईंच्या भातावर घालायला काढून ठेवली, त्यातलीही निम्मी पैलवानाने पळवली, आणि सवयीने मला विसळून पाणी प्यायली. रोज हेच. कॅन अर्ध्यावर उचलून ती परत खाली ठेवायची ते मी बघायचे. महिनाअखेर जवळ येत होती. विरजण लागलेलं असताना मी हलता कामा नये, पण माझं झाकण किणकिणायचं. सासूबाई म्हणायच्या, बाहेरून गाडी गेली वाटतं. गाडी कसली? मी होते ती!

मला कंठ असता तर त्या घराला चांगली सुनावली असती. पण बोलले ते सासूबाईंचे गुडघे.

त्या बुटक्या स्टुलावर बसून तांदूळ निवडत होत्या. उठायला गेल्या तर गुडघे धरले. "सूनबाई, हात दे गं." सुनेने हात दिला, ओढलं, आणि ओढता ओढता स्वतःच खाली बसली. तिच्यावर सासूबाई. दोघींवर तांदूळ.

"काय पडलं?" आतून पैलवानाचा आवाज.

"तुझी आई आणि वहिनी पडली! तू ये सावकाश, आरशाची परवानगी काढून!"

दोघी फरशीवर बसल्या त्या बसल्याच. सासूबाईंनी सुनेचा दंड चाचपला. बाजारात भाजी चाचपावी तसा.

"अगं, तू दही खातेस ना? त्या बाईने सांगितलंय ना?"

"खाते की."

"काय खातेस?"

"उरलेलं."

"उरतं काय?"

सासूबाईंनी ओट्याला धरून कसंबसं उठत माझं झाकण काढलं. आत काय दिसणार? कडेला पांढरी रेघ आणि तळाला पाणी. त्यांनी मला तिरकं करून ते पाणी खळखळवलं. मग हळूच म्हणाल्या, "मीसुद्धा हेच प्यायले. म्हणूनच या वयात स्टूल मला सोडत नाही."

दुसऱ्या सकाळी पैलवानाने वाटी पुढे केली आणि सासूबाईंनी डावाने त्या वाटीवर टक्कन मारलं.

"थांब. आधी वहिनी."

"आई! माझे मसल्स?"

"ते आरशात राहतात ना? मग आरशालाच भरव."

सून ओशाळली. "राहू द्या आई, भाऊजींनाच द्या. मला साय पचत नाही."

"पचत नाही, की कधी कोणी वाढली नाही? बस खाली. उभ्याने नाही खायचं."

ती बसली. पहिला चमचा तिने चोरट्यासारखा तोंडात घातला. दुसरा मात्र सावकाश. मित्रांनो, मी आयुष्यात किती चमचे पाहिले, पण तो दुसरा चमचा विसरणार नाही.

पैलवानही वाया गेला नाही. सासूबाईंनी त्याचं वाळूचं पोतं केलं. रोज संध्याकाळी तो पलंगावर आडवा व्हायचा आणि सून त्याला खुर्चीत बसवायची.

"अंग सैल सोड रे मेल्या!" सासूबाई ओरडायच्या.

"सोडलंय की!"

"जेवून झाल्यावर भांडी घासायला सांगितलं की सोडतोस ना, तसं सोड!"

कधी तो खुर्चीत बसायचा, कधी धप्पकन जमिनीवर. एके दिवशी घाईत सुनेने कढत दुधातच विरजण ओतलं आणि दूध फाटलं. हिचा चेहरा पडला, मला तर तोंड कुठे लपवू असं झालं. सासूबाईंनी ते लिंबू पिळून आणखी फाडलं, फडक्यात दाबून पनीर केलं आणि सुनेच्या ताटात वाढलं. "दूध फाटलं तरी पोटातच जातं, रडतेस काय!"

मग तो परीक्षेचा दिवस. सून सकाळीच गेली. संध्याकाळ झाली तरी माझ्यातल्या दह्याला कोणी हात लावेना. सासूबाई दारापर्यंत जायच्या आणि परत यायच्या. पैलवान खिडकीला चिकटला होता. मी तर अशी बेचैन, की दह्याला तडा जाईल की काय वाटलं.

सून आली. चपला काढल्या. हात धुवायला लागली.

"अगं, तोंड उघड की!"

"पोतं बसलं."

"कुठे? खुर्चीत की जमिनीवर?"

"खुर्चीत. मध्येच घसरलं होतं, पण मी कमरेशी धरलं आणि परत वर घेतलं. उद्यापासून वॉर्डात."

पैलवान ओरडला, "माझ्यामुळे! मी काय कमी आपटलोय!" सासूबाई डोळे पदराला पुसून डाव घ्यायला वळल्या. पण डाव सुनेने आधीच उचलला होता. तिने वरची जाड साय कापली आणि सासूबाईंच्या वाटीत घातली.

"मला कशाला गं? माझं काय आता..."

"गुपचूप खा. तुम्हालाही उठायचंय. आणि खाऊन झालं की स्टुलावरून ऊठबस. मी समोर उभी राहते."

मित्रांनो, माझ्या मनाची भिरभिर थांबली असं मी म्हणणार नाही. उद्या कोणी नवं भांडं आणेल, मी पुन्हा चिमट्यांची होईन, काय नेम! पण तुम्हाला एक सांगून ठेवते. दही ताकद देतं हे खरं, पण ज्याच्या पोटात जाईल त्यालाच देतं. तुम्हाला उचलून मोठं करणारे हात घरात कोणाचे आहेत ते आज जेवताना नीट बघा. भांडं विसळून, उभ्या उभ्या पाणी पिणारी कोणी दिसली, तर तिला आधी बसवा आणि मग आपली वाटी पुढे करा.