काडी वाळू दे

लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली, पण देल्फिनाचा हात धरून मी रस्त्याने कधी चाललो नव्हतो. रुसवा नव्हता, लाजही नव्हती. तिचा हात मोकळाच नसायचा. आमच्या डोंगरातल्या सिग्सिग गावात बाया चालता चालता टोपी विणतात. काखेत तोकीयाच्या पानांच्या ओल्या काड्यांची जुडी, बोटांत अर्धी टोपी, आणि पाय आपले बाजाराच्या, चर्चच्या, मक्याच्या रानाच्या वाटेला. वाट पायांना ठाऊक, वीण बोटांना ठाऊक. तोंड तेवढं मोकळं, ते गाण्याला. देल्फिना गायची:

काडीवर काडी बाई, एक खाली एक वर
लेक गेली समुद्रापार, तिचं नाव ओठांवर

ही लेक म्हणजे आमची नूबे. स्पेनमध्ये, मुर्सियाला असते. आधी लिंबांच्या बागांत तोडणीला होती, आता एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात आहे. तिथला कायमचा रहिवास हातात पडल्यावर तिने पहिलं काम केलं ते आम्हा दोघांना बोलावून घ्यायची मंजुरी काढायचं. मंजुरीला मुदत असते. त्या मुदतीत आम्ही इकडे ग्वायाकिलच्या व्हिसाच्या कचेरीत जाऊन बोटांचे ठसे द्यायचे. मुदत हुकली की सगळं पहिल्यापासून, आणि त्या पहिल्यापासूनला नूबेची किती वर्षं गेली ते आम्ही पाहिलं होतं. तिला आता मुलगी झाली होती. आम्ही नातीला फोनच्या काचेतूनच पाहायचो. काचेला हात लावला की चित्र हलायचं, मग देल्फिना हात पाठीमागे बांधून बघायची.

ग्वायाकिलला जायच्या दिवशी आम्ही दोघांनी चांगले कपडे घातले. तिने लाल घेरदार पोयेरा घागरा नेसला, मी सूट चढवला. डोंगर उतरून बस खाली गेली तशी हवा गरम झाली आणि सूट अंगाला चिकटला. कचेरीत काचेच्या पलीकडे एक तरुण पोरगी होती. मी बोटं यंत्रावर ठेवली, हिरवा दिवा लागला. दुसरा हात ठेवला, पुन्हा हिरवा. मी न्हावी माणूस. सारं आयुष्य साबणाच्या फेसात आणि लोकांच्या दाढ्यांत गेलं. बोटं पावासारखी मऊ.

देल्फिनाने बोटं ठेवली. लाल दिवा.

"मावशी, जरा दाबून ठेवा."

लाल.

"पुसून ठेवा. हं, आता अंगठा."

लाल.

"बोटं तुमचीच ना हो मावशी?"

"जन्मापासून," देल्फिना म्हणाली.

पोरगी हसली, मग काचेखालच्या फटीतून हात घालून तिने देल्फिनाचं बोट उलटं करून पाहिलं. ते गुळगुळीत होतं, नदीतल्या गोट्यासारखं. "काय काम करता?"

"टोप्या विणते."

"तरीच. रेघाच उरल्या नाहीत. महिनाभर काडीला हात लावू नका. कपड्यांचा साबण नको, भांडी नकोत. कातडी आपसूक भरून येते. मुदत संपायच्या आत बसेल सगळं." मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "आजोबा, तुमचे ठसे आलेत. तुमचा अर्ज आज पुढे पाठवू? की दोघांचा बरोबर?"

"त्याचा पाठवा," देल्फिना म्हणाली.

"बरोबर," मी म्हणालो.

"मग तुमचेही ठसे तेव्हा परत घ्यावे लागतील."

"घ्या की. माझी बोटं कुठे पळून चाललीत?"

परतीच्या बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. ढगांत शिरल्यावर बाहेर काही दिसेना, तरी बाहेरच बघत होती.

"हो म्हणायचं होतंस तू," शेवटी म्हणाली. "एक तरी पोचला असता. बाळाला आजोबा मिळाले असते."

"आणि मला तिथे कोण ओरडलं असतं?"

"नूबे ओरडते की."

"तिला तुझ्यासारखं जमत नाही."

रात्री नूबेचा फोन आला. तिचंही तेच. बापाला ती ताइता म्हणते. "ताइता, तुम्ही आधी या. आईचं मागून करू आपण."

"तुझी आई मागून येत नाही," मी म्हणालो. "ती नेहमी चार पावलं पुढे चालते, टोपी विणत. मीच मागे असतो. इतक्या वर्षांची सवय आता कुठे मोडू?"

नूबे हसली आणि मग रडली. फोनवर हे दोन्ही सारखंच ऐकू येतं.

दुसऱ्या दिवसापासून देल्फिनाचे हात सुट्टीवर. ऐकायला सोपं वाटतं. पण रिकामं कसं राहायचं हे त्या हातांना कुणी शिकवलंच नव्हतं. ती बसली की बोटं टेबलक्लॉथच्या दशा गुंफायची. चर्चमध्ये शालीची झालर. एकदा कुंपणापाशी उभी होती, पाहतो तर हातात मक्याची पात, आणि पातीची वेणी निम्मी झालेली. मी तिचा हात अलगद सोडवला.

"मी नाही विणली," ती म्हणाली. "तीच विणली गेली."

भांडी मी घासू लागलो. मोते, म्हणजे मक्याचे दाणे, शिजवायचे, त्यांची टरफलं काढायची, कोंबड्यांना दाणे टाकायचे, सगळं माझ्याकडे. रात्री तिच्या बोटांना मेंढीची चरबी आणि कोरफडीचा गर चोळायचा. दुकानात गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा ठेवून मी विचार करत असायचो की ही घरी आत्ता काय गुंफत असेल. म्हणून दुपारी दुकान बंद करून घरी जायचो, तिला घेऊन बाहेर पडायचो आणि रस्त्याने तिचा हात माझ्या हातात घट्ट धरायचो. काडीपासून वाचवायला, दुसरं काही नाही.

पहिल्याच दिवशी शेजारच्या एतेलविनाने पाहिलं. ती दारातच विणत उभी होती. न्हाव्याला आमच्याकडे मास्तरच म्हणतात.

"काय मास्तर, म्हातारपणी पालवी फुटली का?"

"सरकारी काम आहे, एतेलविनाबाई."

"असं काम सरकार आमच्या नवऱ्यांना का नाही देत?"

देल्फिना खाली मान घालून हसली, पण हात काढून घेतला नाही. तो हात मला परका वाटला. त्याची ऊब माहीत होती, वजन माहीत नव्हतं. आम्ही नदीपर्यंत गेलो आणि परत आलो.  वाटभर गाणं नव्हतं. हात थांबले तशी तिची ओवीच थांबली होती. गाणं तिच्या गळ्यातून येतं असं मला वाटायचं. ते बोटांतून येत होतं.

आणि घरात एक टोपी अर्धी पडली होती. इवलीशी, मुठीवर बसेल एवढी, नातीच्या नामकरणाची. माथा विणून झालेला, कड बाकी. नूबेने नामकरण अडवून ठेवलं होतं: आई-ताइता आले की करायचं, आईच्या हातची टोपी घालून. देल्फिनाने ती ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली होती आणि रोज सकाळी फडकं भिजवायची. काडी वाळली की कडकन मोडते. पण ओलं फडकं तरी किती दिवस पुरणार? एका सकाळी तिने टोपी नाकाशी धरली.

"वास धरलाय," म्हणाली. "आता विणायची नाहीतर टाकायची."

"एतेलविनाला दे."

"दुसरीच्या हाताची वीण? रविवारच्या बाजारात व्यापारी नुसतं बोट फिरवून सांगतात, इथून पुढे हात बदलला म्हणून. नातीच्या डोक्यावर परका हात?"

"माझा हात परका का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या बोटांकडे. "तुला वेणीसुद्धा घालता येत नाही. केस फक्त कापता येतात."

"शिकव."

पहाटे उठलो. टोपीचं काम गारव्यातच होतं, ऊन चढलं की काडी ताठ होते. ती माझ्याशेजारी बसली, हात काखेत दाबून, कारण ते सारखे पुढे यायचे. "ही उचल. ती नाही, तिच्या शेजारची. नखाने दाब. आता ओढ. अरे ओढ म्हटलं, तोड नाही म्हटलं." बाहेर काळोख आणि आत आमची शाळा. मी चुकलो की ती जीभ टाळ्याला लावून आवाज करायची, कोंबड्यांना हाकलतात तसा. एतेलविना कुंपणावरून डोकावली. "मास्तर, दाढीचा वस्तरा आता हिला देणार का?" पण तिनेच जाताना चांगल्या, बारीक काड्यांची एक जुडी कुंपणावर ठेवली.

माझी बोटं कापली जायची. काडी दिसते मऊ, पण ओढताना धार असते तिला. नखांच्या कडेची कातडी सोलली, बोटांच्या पेरांना चिरा पडल्या. मी रात्री तिला चरबी चोळायचो, तिच्याच वाटीतून थोडी मला. तीही चोळायची मला, अंगठ्याच्या पाठीने, ठशांना धक्का नको म्हणून. आमच्या दोघांच्याही मनात एकच धास्ती होती, तिच्या बोटांची. रोज सकाळी तिची बोटं उजेडात धरून पाहायचो. आधी काही नव्हतं. मग एके दिवशी, नांगरल्या रानात दुरून दिसावं तशी, एक फिकी रेघ. तिच्याभोवती दुसरी.

"आली का?" तिने विचारलं.

"उगवतेय," मी म्हणालो.

त्याच पहाटे, मी कडेचा फेर घेत होतो, माझी लय सारखी तुटत होती, तेव्हा तिने हळूच सुरू केलं, मला चाल मिळावी म्हणून: काडीवर काडी बाई, एक खाली एक वर. गाणं परत आलं होतं, माझ्या बोटांसाठी. मी मान वर केली नाही. वर केली असती तर थांबली असती.

महिना भरला तेव्हा कडेचा एकच फेर उरला होता. टोपी पिशवीत घातली, ओल्या फडक्यात, आणि ग्वायाकिलची बस धरली. काचेपलीकडे तीच पोरगी होती.

देल्फिनाने चारही बोटं ठेवली. तिचा श्वास मला ऐकू येत होता. हिरवा. दुसरा हात, हिरवा. अंगठे, हिरवे. तिने डोळे मिटून घेतले.

"आजोबा, तुमचं राहिलं," पोरगी म्हणाली. "तुमचं काय, एका मिनिटाचं काम."

मी बोटं ठेवली. लाल.

"पुसून ठेवा."

लाल.

पोरीने माझं बोट उलटं केलं आणि बघतच राहिली. चिरा, सोललेली कातडी, खपल्या. "काय केलंत हे?"

 देल्फिनाच बोलली. "नातीची टोपी विणली त्याने. माझे हात सुट्टीवर होते ना."

पोरगी एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे पाहत राहिली. शेजारच्या खिडकीवरचा माणूससुद्धा वाकून बघायला लागला. माझ्या हातात मोठी टोपी असती तर तिच्यात तोंड लपवलं असतं, पण होती ती मुठीएवढी.

"हे झिजलेलं नाही, कापलेलं आहे," पोरगी म्हणाली. "आठ-दहा दिवसांत भरेल. मुदत आहे अजून. फक्त आता तुम्ही काडीला हात लावायचा नाही." मग कॉम्प्युटरकडे पाहत तिने देल्फिनाला विचारलं, "मावशी, तुमचा अर्ज पुढे पाठवून देऊ? की दोघांचा बरोबर?"

मी म्हणणार होतो, पाठवा. ओठांवर आलंच होतं. त्या महिन्याभराची चरबी, ते उजेडात धरलेले हात, परत उगवलेल्या त्या रेघा, सगळं डोळ्यांपुढे आलं. आठ दिवसांत तिने एक टोपी जरी हातात घेतली तर पुन्हा लाल. आणि विणल्याशिवाय ती राहील कशी?

"बरोबर," देल्फिना म्हणाली.

"मग तुमचेही ठसे परत."

"घ्या की."

बस डोंगर चढू लागली. उन्हाची तिरीप आमच्या सीटवर आली. देल्फिनाने पिशवीतून टोपी काढली, फडकं सोडलं. मी विणलेली कड वेडीवाकडी होती. कुठे घट्ट, कुठे सैल, व्यापाऱ्याला बोट फिरवायचीही गरज नव्हती. तिने ती फिरवून फिरवून पाहिली. मला वाटलं, आता उसवेल.

"इथे तू झोपेत होतास," एका जागी बोट ठेवून म्हणाली.

"हो."

"आणि इथे मी गात होते."

तिने पाहून पाहून ती जागा बरोबर ओळखली होती. तिथली वीण सरळ होती.

उरलेला एक फेर एतेलविनाला करायला सांगू, असं ती म्हणाली. कडेला एक परका हात असला तर असू दे, म्हणाली, गावाचाच आहे. मग टोपी तिने मांडीवर ठेवली आणि माझा चिरा पडलेला हात आपल्या हातात घेतला. रस्त्यात नव्हतो, बघायला एतेलविना नव्हती, सरकारी कामही नव्हतं. फडकं पायाशी घसरलं होतं आणि ऊन थेट टोपीवर पडलं होतं.

"काडी वाळेल," मी म्हणालो.

"वाळू दे," देल्फिना म्हणाली.