मानशीची पावणी

सत्यवतीने टेबलावर पितळी वाटी आपटली.

"नव्वद हजार, एक वार!"

कोरगावच्या देवळाच्या मांडवात खाडीकाठच्या खाजन शेतांची वार्षिक पावणी, म्हणजे लिलाव, चालली होती. बांधातल्या मानशीच्या, म्हणजे खाडीचे पाणी अडवणाऱ्या-सोडणाऱ्या झडपेच्या, दारापाशी मासे धरायचा हक्क, जो जास्त बोलेल त्याला वर्षभर; त्या पैशांत बांधाची डागडुजी. पूर्वी वर सरकारी अनुदानही मिळे. खाणी बंद पडल्या, सरकारची तिजोरी सुकली, आणि अनुदान 'विचाराधीन' झाले. समुद्राला मात्र विचार करायला वेळ नसावा. गेल्या दोन वर्षांत पुनवेचे पाणी दोनदा बांधावरून आत आले आणि खाऱ्याला न भिणारे कोरगुट भातही पिवळे पडले.

"एक लाख!" मागून तिचा नवरा रघुनाथ.

मांडव खिदळला. "अध्यक्षीणबाईंचो घोव! घरचे पैसे घरात!"

रघुनाथही हसला. डिचोलीच्या खाणीवरचा ट्रक विकून तो तीन वर्षे घरी बसला होता. सकाळी पेज जेवताना त्याने तिला सांगितले होते, "तीन लाखांपर्यंत जातंय गो. ट्रकाचे पैसे आसत."

"आणि सुटतले कशे?"

"भरतीक दार उघडां ठेवचां. पाण्यावांगडा सुंगटां येतत."

कोळंबीबरोबर खारे पाणीही शेतात शिरणार, हे ओळखून तिने पेजेची वाटी बाजूला सारली होती.

तिच्या शेजारी बसलेला शेतकरी मंडळाचा चिटणीस सगुण हात चोळत होता. "वयनी, सवकाश मोजा. तीन लाख झाले तर बांध पुराय होतलो."

पुढच्या रांगेतून गोकुळदास उठला. तीस वर्षे तोच मानशीचे दार सांभाळत आला होता आणि दाराखालचा पहिला भाताचा कुणगा त्याचाच.

"एक दहा," म्हणाला, आणि आणखी काही शिल्लक नसल्यासारखा खाली बसला.

सत्यवतीने रघुनाथकडे पाहिले. त्याला घाई नव्हती. चष्मा काढून तो शर्टाच्या टोकाने पुसत होता.

"एक दहा एक वार दोन वार तीन वार," ती एका दमात म्हणाली आणि वाटी आपटली.

रघुनाथचा हात चष्म्यासकट हवेत राहिला.

"ही कसली मोजणी, वयनी?" सगुण पुटपुटला.

"झाली घाई. कोणाची हरकत आसल्यास आताच सांगा."

सगळ्या माना रघुनाथकडे वळल्या. त्याने चष्मा घातला, बायकोकडे जरा जास्तच वेळ पाहिले.

"माजी नाय," तो म्हणाला.

"मगे आयतवारी सगळ्यांनी फावडीं घेवन बांधार येवचां. पैसे थोडे आसत, हात खूप आसत."

दोघं स्कूटरवरून घरी निघाली. घराचे वळण आले, तरी रघुनाथने स्कूटर सरळ बांधावर घातली. भरती चढत होती. मानशीचे दार बंद होते, पण एका फळीच्या कडेने पाण्याची बारीक धार शेताच्या बाजूला उतरत होती. तो उतरला, ओंजळभर चिखल उचलून त्या फटीत दाबला आणि धार थांबेपर्यंत हात तसाच ठेवून वाकून राहिला.

"गोकुळदासाक सांग, ही फळी बदलूक होयी."

"तुमीच सांगा," सत्यवती स्कूटरला टेकून म्हणाली. "उद्या सकाळी तो हंयच आसतलो. त्येका एक मनीस कमीच पडता."