पुढचे दोन नवे

मी एक गाडी बोलतेय. खरं तर बोंबलायची वेळ आहे, पण हॉर्नची तार तुटलीय. भंगाराच्या आवारात एका बिनचाकाच्या टेम्पोशेजारी मी पडलेय. उद्या-परवा मला कापतील. त्याआधी माझं ऐकून घ्या, कारण माझ्या निमित्तानं एका बहिणीनं सख्ख्या भावाला टाकलंय, आणि खरं काय ते फक्त तिघांना ठाऊक आहे. त्यातला एक बोलणार नाही, दुसऱ्याचं कुणी ऐकणार नाही. तिसरी मी.

मी साधीसुधी गाडी नाही हं. माझं इंजिन चारही चाकांना ओढ देतं. कारखान्यातून निघाले तेव्हा एका जाडजूड, अबोल चालकानं मला चाचणीसाठी पळवलं. चिखल, खडी, चढ, सगळं करून झाल्यावर तो सोबतच्याला म्हणाला, "चिखलातून निघायला हिच्यासारखी नाही. पण थांबायला हिलाही चार टायरच आहेत, बाकीच्या गाड्यांसारखे. हे घेणाऱ्याला कुणीतरी सांगा रे!"

कोण सांगतंय! शोरूममध्ये मला रिबीन बांधली, भिंतीवर खडकावर चढलेल्या गाडीचं चित्र लावलं, आणि विकून टाकलं.

मला घेतलं ते फरश्यांच्या दुकानात विक्रीचं काम करणाऱ्या एका माणसानं. मित्र त्याला 'चौचाकी महाराज' म्हणायचे. ते चेष्टा करायचे आणि ह्याला तो मान वाटायचा. गाड्यांवर त्याचं प्रवचन सुरू झालं की समोरच्याचा चहा गार व्हायचा. "पुढची चाकं ओढणारी म्हणजे बैलगाडी. मागची ढकलणारी म्हणजे हातगाडी. गाडी म्हणावी ती चारही चाकांची!" एवढा ज्ञानी, पण माझं बॉनेट उघडायचा खटका कुठं आहे ते त्याला शेवटपर्यंत सापडलं नाही. उथळ पाण्याला खळखळाट फार, दुसरं काय!

त्याची बायको शिवणकाम करायची. मागच्या सीटवर कायम तिचे कापडाचे गठ्ठे असायचे. ती दार कधी आपटायची नाही, म्हणून मला आवडायची. तिचा धाकटा भाऊ मेकॅनिक होता, त्याचं स्वतःचं लहानसं गॅरेज होतं. आईवडील लवकर गेले, तेव्हा हिनंच शिवणयंत्र चालवून त्याला वाढवलं होतं. त्यामुळे बहिणीच्या नवऱ्याचा शब्द तो खाली पडू द्यायचा नाही. तिथंच सगळं नडलं.

एकदा त्यानं माझी चाकं बघितली आणि म्हणाला, "दाजी, चारही टायर गुळगुळीत झालेत. एकदम बदलून टाका. हिला चारही सारखे लागतात."

"पुढचे दोन बदल. मागचे अजून वर्ष काढतील."

"मग नवे दोन मागं घालतो. ओल्या रस्त्यावर मागची बाजू धरून राहिली पाहिजे."

"तू पाना फिरव रे. मला शिकवू नकोस. चार चाकांच्या गाडीला टायर नाही लागत, डोकं लागतं!"

दुसरं गिऱ्हाईक असतं तर त्या पोरानं चावी हातात देऊन वाटेला लावलं असतं. पण दाजींना नाही कसं म्हणायचं? त्यानं पाना पुसला आणि पुढचे दोन नवे बसवले. ब्रेक मात्र दोनदा तपासले. "हळू चालवा हं, दाजी," एवढंच म्हणाला.

आठवडा झाला असेल. भुरभुर पाऊस पडून गेला होता. आम्ही डोंगराचा रस्ता उतरत होतो. पुढं महाराजांच्या मित्राची साधी गाडी होती. वळण आलं तसा मित्रानं वेग कमी केला.

"बघ, घाबरला! आता आपली बघ, पालीसारखी चिकटून जाते."

"अहो, हळू घ्या ना," ती म्हणाली.

त्यानं वळणातच जोर दिला. मी पुढून वळले. मागची चाकं मात्र धरेनात. मग तो घाबरला आणि त्यानं ब्रेकवर उभाच राहिल्यासारखा पाय दिला. ब्रेक लागले हो, चांगले लागले! पण रस्ता धरायला मागच्या टायरवर काही उरलंच नव्हतं. मी गर्रकन फिरले आणि डाव्या बाजूनं कठड्यावर आदळले. तिनं आधारासाठी उजवा हात समोर टेकवला होता. त्याच हाताची बोटं मोडली.

ॲम्ब्युलन्सच्या आधी भाऊ मोटरसायकलवरून पोचला. पुढच्या गाडीतला मित्र आणि येणारे-जाणारे जमले होते. महाराज ओरडले, "ब्रेकच लागला नाही! काय करून ठेवलं होतंस?"

"ताई, ब्रेक मी दोनदा बघितले होते गं. पण चूक माझीच आहे. मी ऐकायलाच नको होतं…"

"ऐकलंत? कबूल करतोय!" महाराजांनी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. तिनं तोंड फिरवलं.

त्यानंतर दोन महिने मी त्याच्या गॅरेजमागं पडून होते. बहिणीनं त्याचे फोन घेतले नाहीत. महाराजांनी गावभर सांगितलं, तशी गिऱ्हाइकं एकेक करत गेली. तो माझ्या दाराला टेकून बसायचा. बहिणीचा संसार मोडेल म्हणून मूग गिळून बसलाय, हे मला कळत होतं. मला त्याचा रागही यायचा. बोल की रे, मूर्खा!

मग मला इथं भंगारात आणून टाकलं. काल ती नवऱ्याबरोबर इथं आली, मागच्या सीटवरचे गठ्ठे न्यायला. उजव्या हातानं तिला साधी गाठ सुटत नव्हती. भंगारवाला माझ्याभोवती फिरून म्हणाला, "ब्रेक तर शाबूत आहेत. पण पुढचे दोन नवे आणि मागचे टक्कल? कुणी अक्कल पाजळली ही? अशानं गाडी फिरणारच."

ती थबकली. "माझ्या भावानं बसवले," म्हणाली. मग सावकाश नवऱ्याकडे वळली. "तुम्ही होतात ना तिथं? मग त्याला काही बोलला कसे नाहीत?"

आता तरी बोल, म्हटलं. जन्मभर ज्याचं तोंड बंद झालं नाही, तो माझ्या चाकाकडं बघत राहिला. मग खांदे पाडून म्हणाला, "मला काय कळतंय गं त्यातलं?"

तिनं मान हलवली आणि डाव्या हातानं गठ्ठा उचलला. "भाऊ दारात आला तर त्याला उभं करू नका," म्हणाली, आणि निघून गेली.

आयुष्यात पहिल्यांदा तो माणूस खरं बोलला, तेही भावाचा गळा कापायला. मला कापतील त्याचं मला काही नाही, लोखंडच मी. पण शिवणकाम सुटलेली, डाव्या हातानं कात्री धरणारी एखादी बाई तुम्हाला भेटली, तर तिला एवढं सांगा, की बाई, तुझ्या भावानं तुझ्या नवऱ्याला आधीच सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं.