भरलेला परत आलेला प्याला

मित्रांनो, मला पाहून तुम्हाला मी एखाद्या शर्यतीतले बक्षीस वाटेन. तसे नाही. मी हैदराबादच्या एका दगडी चर्चमधला जुना चांदीचा प्याला आहे.

तिथल्याच चारकमान बाजारातल्या एका चांदीकाराने मला घडवले. माझ्या बुडाच्या सांध्याला दिलेला डाग नीट बसला आहे का, हे पाहण्यासाठी त्याने मला पाण्याने भरून कोरड्या फळीवर ठेवले. फळी कोरडीच राहिली. मग त्याने आतून सोन्याचा मुलामा दिला आणि मी चर्चमध्ये आलो.

माझे काम प्रभुभोजनाचे. येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून सगळे भाकरीचा तुकडा खातात आणि एकाच प्याल्यातून द्राक्षरसाचा घोट घेतात. आपण एका घरचे आहोत, याची ती खूण. लोक वेदीसमोरच्या कठड्यापाशी गुडघे टेकत. पाद्री मला एकेकाच्या ओठांना लावत, फडक्याने कड पुसत, किंचित फिरवून पुढे नेत. एक नियम मात्र कडक होता. उरलेला रस ओतून टाकायचा नाही, तो पाद्रींनीच पिऊन संपवायचा. म्हणून ते अंदाज घेऊनच मला भरत, आणि परत येताना मी अगदी हलका असे.

पण ते घर गोऱ्यांचे आणि रेल्वेतल्या अँग्लो-इंडियन कुटुंबांचे होते. मराठी ख्रिस्ती मंडळींचे पत्र्याचे चर्च मुसी नदीपलीकडे, मलकपेठेत होते. तिथल्या केसरबाई या पार्कर मेमसाहेबांकडे मूल सांभाळणाऱ्या आया होत्या. मेमसाहेबांची मुलगी डॉली त्यांच्याच मांडीवर वाढली. मेमसाहेबांनी लावून दिल्याप्रमाणे दर शनिवारी त्या मला खडूच्या ओल्या भुकटीने घासत. रविवारी डॉलीला आत सोडून व्हरांड्यात बसत आणि उपासना संपल्यावर मलकपेठेला आपल्या चर्चमध्ये जात. मला त्यांच्या बोटांची ओळख होती, ओठांची नव्हती.

निजामाचे राज्य गेले. पुष्कळ गोरे साहेब बोटीने परत गेले आणि आमचे बाक रिकामे पडू लागले. म्हातारे लॉसन पाद्री आणि मलकपेठचे पाळक एकनाथराव वर्षभर एकमेकांकडे जात-येत राहिले. काळ्या-गोऱ्याचा भेद देवाच्या घरात पाप आहे, असे दोघांनी आपापल्या चर्चमध्ये सांगितले. अखेर दोन्ही मंडळ्या एक व्हायचे ठरले. पार्कर मेमसाहेबांनीही त्या बाजूने हात वर केला होता. पहिले एकत्र प्रभुभोजन पुढच्याच रविवारी होणार होते.

आदल्या दिवशी केसरबाई मला घासत असताना त्यांचा मुलगा सूर्यभान त्यांना न्यायला आला. तो पाटबंधारे कचेरीत कारकून होता.

“आई, उद्या तू पहिल्या बाकावर बस.”

“पहिल्या कायकू? लोक म्हनतील, केसरबाईला लई हौस.”

“म्हणू दे की.”

“हौस तर हाय,” केसरबाई माझ्या कडेवरून बोट फिरवत म्हणाल्या. “डॉलीला माझ्या ताटात जेवू घातलं मी. तिच्या आईच्या बाजूला गुडघे टेकून एकदा ह्या प्याल्यातनं घ्यायचं. बास. मंग मी मरायला मोकळी.”

“मरायचं मागनं बघू. आधी लुगडं कोणतं नेसतीस ते सांग.”

रविवारी त्या हिरव्या लुगड्यात आल्या. कठड्यापाशी पहिल्या त्याच होत्या आणि शेजारी पार्कर मेमसाहेब. लॉसन पाद्रींनी मला केसरबाईंच्या ओठांना लावले. त्यांनी डोळे मिटून लहानसा घोट घेतला. पाद्रींनी कड पुसली, मला फिरवले आणि पुढे सरकले.

मेमसाहेबांनी भाकरी घेतली होती. मी जवळ येताच मात्र त्यांनी दोन्ही हात छातीशी धरले आणि मान खाली घातली.

“सर्दी झालीय,” त्या पुटपुटल्या.

पुढच्या बाईंचा घसा दुखत होता. त्यापुढच्या साहेबांनी नुसतीच मान हलवली. एका म्हाताऱ्या इंजिन ड्रायव्हरने मला दोन्ही हातांनी धरून घोट घेतला. त्याच्यासारखे फार थोडे निघाले. मागच्या बाकांवरून मलकपेठची मंडळी हे सगळे पाहत होती. त्यांतले बरेच जण उठलेच नाहीत.

मित्रांनो, मी वेदीवर जवळजवळ भरलेला परत आलो.

लॉसन पाद्री लोकांकडे पाठ करून उभे राहिले आणि पिऊ लागले. मध्ये मध्ये ते थांबत, दम घेत आणि पुन्हा मला उचलत. शेवटचा थेंब संपेपर्यंत चर्चमध्ये कोणी खोकलेसुद्धा नाही.

केसरबाई मला धुवायला आल्या, तेव्हा सूर्यभान मागे उभा होता.

“येवढ्या लोकांना एकदम सर्दी,” त्या म्हणाल्या. “मी निलगिरीची बाटली आणायला पायजे होती.”

तो हसला नाही. त्याही हसल्या नाहीत.

पुढच्या महिन्यात चर्चमध्ये काचेच्या चिमुकल्या पेल्यांचे तबक आले. प्रत्येकाला वेगळा पेला. कारण आरोग्याचे दिले गेले, आणि ते खोटे नव्हते. ओठांवरून जंतू पसरतात, हे कोणीही मान्य करील. पण इतकी वर्षे खोकणारी, शिंकणारी माणसे माझ्यातून पीत आली होती. जंतू काही त्या रविवारी जन्मले नव्हते.

मला कपाटात ठेवले.

मग भाषांप्रमाणे राज्ये नव्याने पाडली गेली. हैदराबाद संस्थानाचे तुकडे झाले आणि सूर्यभानची बदली औरंगाबादला झाली. त्याच्याबरोबर जाणाऱ्या केसरबाईंचा हा इथला शेवटचा रविवार, म्हणून लॉसन पाद्रींनी मला बाहेर काढून तबकाशेजारी ठेवले आणि भरायला रसाची सुरई उचलली.

“केसरबाई, आज तुमच्यासाठी,” ते हळूच म्हणाले.

केसरबाईंनी माझ्याकडे पाहिले. मागे वळून बाकांकडे पाहिले. कोणी उठत नव्हते. मग त्यांनी पाद्रींचे थरथरते हात पाहिले आणि तबकातला एक चिमुकला पेला उचलला.

“नक्को, पाद्रीसाहेब,” त्या म्हणाल्या. “भरलात तर राहिलेलं परत तुमालाच प्यावं लागंल. तुमचं वय झालं.”

त्या काचेच्या पेल्यातून प्यायल्या, आणि संध्याकाळच्या गाडीने गेल्या. त्यांना मी पुन्हा पाहिले नाही.

आता मी काळा पडलो आहे. हवेतल्या गंधकाने चांदी काळवंडते. रोज हातात असणारी चांदी सहसा इतकी काळवंडत नाही, कपाटात जपून ठेवलेली मात्र काळवंडते. मला घासायला कोणी आले तर मला आनंदच होईल, पण माझे मागणे वेगळे आहे.

मित्रांनो, तुमच्या शाळेत पाण्याच्या पिंपावर एकच पेला असेल. तो जरूर विसळा. तेच योग्य आहे. पण विसळायचा तर प्रत्येकाच्या नंतर विसळा. कोणा एकाच्याच नंतर नको.