एथेलच्या पत्रांची परवानगी

मिसेस टेंपेस्टनी फार काही मागितलं नव्हतं. अकरा पत्रांच्या झेरॉक्स, बस्स. ती पत्रं त्यांच्या आईने, एथेलने, १९४२ पासून लेकीच्या दर वाढदिवसाला, तिला जिथे सोडलं त्या अनाथाश्रमाच्या मेट्रनला लिहिली होती. पोर चालते का, बोलते का, दूध पिते का. मेट्रनने एकालाही उत्तर दिलं नाही, फाइलला मात्र नीट लावली. आश्रम बंद पडल्यावर कागद हॅदरबीच्या आमच्या अभिलेखागारात आले. दत्तक गेलेली ती पोर आता त्र्याऐंशीची. एक डोळा गेलेला, दुसरा त्याच वाटेवर.

"घरी भिंगाखाली रोज थोडं थोडं वाचीन गं पोरी," त्या फोनवर म्हणाल्या.

कागद आमचे असले तरी न छापलेल्या पत्रातल्या मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याच्या वारसाकडे राहतो. पण त्याने मनाई केलेली नसेल, तर खासगी वाचनासाठी एक प्रत आम्ही देऊ शकतो. मनाई कुणी केलेली नव्हती. यंत्रावर पत्रं ठेवायची आणि पाकीट चिकटवायचं, एवढंच काम होतं.

पण मी पडले काटेकोर.

"वारस शोधून विचारून घेते," मी आमच्या प्रमुख फिलिपाला म्हणाले.

"हात दाखवून अवलक्षण कशाला? देऊन टाक आणि मोकळी हो."

मी कसली ऐकते! उद्या कुणी बोट दाखवायला नको म्हणून तीन आठवडे मृत्युपत्रं धुंडाळली आणि नॉर्मनला शोधून काढलं. एथेलच्या पुढच्या लग्नाचा मुलगा, कायद्याने एकटा वारस. दत्तक गेलेल्या मुलीचा तिथे काहीच हक्क नाही. मी त्याला सविस्तर, नम्र पत्र धाडलं.

त्याचं उत्तर तीन ओळींचं होतं. 'माझ्या आईला अशी कुठलीही मुलगी नव्हती. एकाही पत्राची प्रत कुणाला देऊ नये. दिलीत तर माझा वकील बोलेल.'

झालं. आता मनाई होती, आणि ती मी मागून आणली होती.

वाचायला मात्र बंदी नव्हती. मिसेस टेंपेस्ट दोन बस बदलून आल्या. आधी भिंग काढलं, मग पेन्सिल, आणि पहिलं पत्र उतरवायला लागल्या. फिलिपाने माझ्याकडे पाहिलं. मी उठले.

"उतरवून घेता येणार नाही. हाताने लिहिली तरी ती प्रतच. मालकाची मनाई आहे."

"माझ्या आईच्या पत्रांना कोण मालक?"

"तुमचा भाऊ," तोंडातून निसटलं.

"मला भाऊ आहे?" त्यांचा चेहरा असा काही फुलला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. "त्याला ठाऊक आहे मी आहे ते?"

"मीच कळवलं."

"मग? काय म्हणाला गं?"

मी टेबलावरची पत्रं उगाच सारखी केली. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"तू विचारलंस कशाला त्याला?"

मला लाज वाटली.

त्यांच्या कागदावर एकच ओळ आली होती, 'आज ती एक वर्षाची झाली असेल.' नियमाप्रमाणे तो कागदही मी काढून घेतला.